रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि दख्खनच्या काळ्या कातळाचें वय

नाशिकच्या नैर्ऋत्येस पांडवलेण्यांचा डोंगर आहे. त्या पायऱ्या चढून गेला नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत क्वचितच सांपडेल. लेण्यांचें वय विचारलें तर वरच्या वर्गांतील मुलें सातवाहन राजांचीं नांवें सांगून सुमारें दोन हजार वर्षें असें उत्तर देतात, व तें बरोबरही आहे. परंतु ज्या कातळांत तीं लेणीं कोरलीं त्या कातळाचें वय काय, असें पुढें विचारलें कीं मुलें गप्प बसतात, आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळ पालकही गप्प बसतात. हाच प्रश्न मनांत घेऊन ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं शेवटचीं बारा वर्षें, शाळेच्या कामांतून जशी सवड मिळेल तशी, माळावर व ओढ्यांत घालविलीं, अशा एका शिक्षकाचें चरित्र आम्ही यंदाच्या अंकांत देत आहों.

ते नाशिकचे नव्हेत. त्यांची कर्मभूमि नागपूर. परंतु ज्या शिलारसाच्या थरांवर आपलें नाशिक वसलें आहे, त्याच थरांची पूर्वेकडील कड नागपुराजवळ येऊन संपते. घाटाजवळ हे थर इतके जाड आहेत कीं त्यांच्या खालीं काय आहे तें दिसतच नाहीं; कडेला मात्र ते पातळ होतात, व खालचा जुना खडक उघडा पडतो. पुस्तक मिटलेलें असेल तर तें वाचतां येत नाहीं. कडेनें उघडें राहिलें तर दोन ओळी तरी दिसतात. हिस्लॉप यांस दैवानें त्या उघड्या कडेवर नेऊन बसविलें.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळील डन्स या गांवीं ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. वडील धंद्यानें गवंडी होते. बापानें दगड हातीं घेतला तो घर बांधण्यासाठीं. मुलानें घेतला तो हा दगड येथें आला कसा, हें पाहण्यासाठीं. एडिंबरो व ग्लासगो येथें त्यांचें उच्च शिक्षण झालें. १८४३ सालीं स्कॉटलंडच्या धर्ममंडळांत मोठी फूट पडून फ्री चर्च निराळें झालें. हिस्लॉप त्या नव्या मंडळींत गेले, व त्याच मंडळीनें त्यांस हिंदुस्थानांत पाठविलें. लग्न नुकतेंच झालेलें होतें. १८४४ च्या डिसेंबरांत पतिपत्नी मुंबईस उतरलीं, आणि १८४५ च्या फेब्रुवारींत नागपुरास पोंचलीं.

त्या वेळीं नागपुरास भोसल्यांचें राज्य होतें. आगगाडी तेथवर यावयास अजून वीस वर्षांहून अधिक काळ होता. हिस्लॉप यांनीं प्रथम मराठी हस्तगत केली आणि १८४६ सालीं शाळा काढली. तीच शाळा पुढें वाढत जाऊन १८८३ सालीं कॉलेज झाली, व आजही त्या कॉलेजास त्यांचेंच नांव आहे. १८४७ सालीं रॉबर्ट हंटर नांवाचे दुसरे तरुण पाद्री त्यांस येऊन मिळाले. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले वारले, पुढच्या सालीं राज्य खालसा झालें, त्यापाठोपाठ १८५७ ची धामधूम आली; पण शाळा चालू राहिली. या सर्व काळाची हकीकत स्वतंत्रपणें सांगण्याजोगी आहे. परंतु आम्हांस आज त्यांच्या दुसऱ्या उद्योगाविषयीं सांगावयाचें आहे.

१८५१ सालीं हिस्लॉप व हंटर नागपूरनजीक टाकळी येथें फिरत असतां त्यांस दगडांत रुतलेले गोगलगाईचे शंख आढळले. शंख समुद्रांतील नव्हते, गोड्या पाण्यांतील होते. आणि ते ज्या पातळ थरांत होते, त्या थराच्या वरही काळा कातळ होता व खालींही काळा कातळ होता. असे शंख माल्कमसन नांवाच्या डॉक्टरांनीं त्यापूर्वीं नागपूर-हैदराबादच्या मुलखांत पाहिले होते. पण टाकळीचे थर हातांत आल्यावर या दोघां शिक्षकांनीं जें काम आरंभिलें, तें त्यापूर्वीं कोणीं इतक्या नेटानें केलें नव्हतें. शंखांपाठोपाठ अश्मीभूत बिया व फळें आलीं, लांकडाचे तुकडे आले, किड्यांचे पंख आले, माशांचे व सरीसृपांचे अवशेष आले.

यांत एवढें नवल कोणतें, असें आमच्या लहान वाचकांस वाटेल. म्हणून थोडें थांबून सांगतों. काळा कातळ हा एके काळचा तप्त शिलारस. भूमीला लांबच लांब भेगा पडून तो वर आला, पाण्यासारखा पसरला व थिजला. तप्त रसांत प्राणी राहत नाहीं, म्हणून अशा दगडांत शंख किंवा हाडें मिळत नाहींत, आणि शंख नाहींत म्हणजे वय ठरविण्याचें साधनही नाहीं. कारण किरणोत्सर्गाचा शोध लागण्यापूर्वीं थरांचें वय त्यांतील प्राण्यांवरून व वनस्पतींवरूनच ओळखीत. तेंही वर्षांत नव्हे. अमुक थर तमुक थराच्या आधींचा, एवढेंच. शिलारसाच्या बाबतींत हें साधन लंगडें पडे. परंतु एक रस थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जर हजारों वर्षें गेलीं असतील, तर मधल्या काळांत पाऊस पडला असेल, तळीं सांचलीं असतील, गोगलगाई व बेडूक आले असतील, कांठीं ताड वाढले असतील. आणि मग पुढच्या रसानें तें सर्व जसेंच्या तसें झांकून टाकलें असेल. टाकळीचा तो थर म्हणजे दोन अग्निप्रलयांच्या मधला एक शांत काळ. त्या थराचें वय कळलें कीं वरच्या व खालच्या कातळाचें कळलें.

हिस्लॉप व हंटर यांनीं आपली सर्व सामग्री लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाकडे पाठविली, व १८५५ सालीं नागपूरच्या आसपासच्या भूरचनेवरील त्यांचा मोठा निबंध त्या मंडळाच्या त्रैमासिकांत छापला गेला. हंटर त्याच सुमारास स्वदेशीं परतले. हिस्लॉप यांनीं काम एकट्यानें चालविलें, आणि १८६० सालीं या शंखांची शास्त्रीय वर्णनें स्वतः लिहून प्रसिद्ध केलीं. त्यांचा निष्कर्ष असा कीं शंख युरोपांतील इओसीन काळच्या शंखांशीं जुळतात, म्हणून दख्खनचा कातळही त्याच काळचा. आजच्या हिशेबानें इओसीन काळ म्हणजे सुमारें साडेपांच कोटी वर्षांच्या अलीकडचा.

हा निष्कर्ष चुकीचा होता, हें आम्ही येथेंच सांगून टाकतों. दुसरीही एक चूक होती. त्यांस वाटे कीं पूर्वीं एकच विस्तीर्ण सरोवर होतें, त्यावर वरचा कातळ पसरला, आणि खालचा कातळ मागाहून खालून घुसून त्या गाळाच्या तळाशीं शिरला. म्हणजे खालचा थर वरच्याहून तरुण! पुढें १८६७ च्या सुमारास ब्लॅनफर्ड यांनीं दाखविलें कीं तसें नाहीं. खालचा थर आधीं वाहिला, मग त्याच्या पाठीवर तळीं झालीं, मग वरचा थर आला. चरित्रें लिहितांना थोरांच्या चुका गाळण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ती पसंत नाहीं, कारण वर पसरलेला रस कोणता व आंत घुसलेला कोणता, हें ओळखणें भूगर्भशास्त्रांत आजही सोपें नाहीं, आणि हिस्लॉप यांनीं त्याबद्दल स्पष्ट मत मांडलें म्हणूनच तें खोडतां आलें.

थंडीच्या दिवसांत ते खेडोपाडीं दौऱ्यावर जात, आणि धर्मोपदेशाच्या कामांतून वेळ काढून खडक पाहत. नागपूरच्या दक्षिणेस मंगळी येथें मिळालेली एका जलस्थलचर प्राण्याची कवटी लंडनास गेली; तेथें प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनीं तिचें वर्णन करून त्या प्राण्यास नांव दिलें. हल्लींच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील वरोऱ्याजवळच्या पिजदुरा गांवीं त्यांस प्रचंड हाडें सांपडलीं. कामठी व सिलेवाडा येथील वालुकापाषाणांत जिभेच्या आकाराचीं पानें मिळालीं. शास्त्रांत त्या वनस्पतीस ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात.

त्यांनीं जमविलेल्या दगडांपैकीं एकाविषयीं थोडें सांगितलेंच पाहिजे. दख्खनच्या कातळांत वायूच्या बुडबुड्यांनीं झालेल्या पोकळ्या असतात, व त्यांत मागाहून झिरपलेल्या पाण्यांतून स्फटिक जमतात. नाशिककरांस हे नवीन नाहींत. विहीर खणतांना किंवा खाणींत सुरुंग लावल्यावर पांढरे, गुलाबी स्फटिक निघतात, आणि सिन्नरास तर गारगोटी नांवाचें त्यांचें संग्रहालयच आहे. हिस्लॉप यांनीं टाकळीहून पाठविलेला एक स्फटिक हिरवागार होता. डब्लिनचे हॉटन यांनीं त्याचें पृथक्करण केलें, तेव्हां तो कॅल्साइट, म्हणजे चुन्याचा कार्बोनेट, निघाला. हिरवा रंग आंत मिसळलेल्या दुसऱ्या खनिजाचा होता. १८५९ सालीं त्यास हिस्लोपाइट असें नांव मिळालें, आणि नागपूरच्याच एका मातकट खनिजास हंटराइट. मित्रांचीं नांवें अशीं शेजारीं शेजारीं राहिलीं.

दगडांइतकाच त्यांस माणसांचा शोध होता. सातपुड्यांतील गोंड लोकांची भाषा, त्यांच्या चालीरीति, लिंगो देवाविषयींचीं त्यांचीं गीतें हीं सर्व ते टिपून ठेवीत. तें लिखाण त्यांच्या पश्चात् १८६६ सालीं रिचर्ड टेंपल यांनीं प्रसिद्ध केलें. पश्चात् म्हणावयाचें कारण असें:

१८६३ च्या पावसाळ्यांत, मध्यप्रांताचा कारभार पाहणारे टेंपल यांच्यासह हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथें गेले. तेथें प्राचीन काळच्या दफनभूमीवर रचलेलीं दगडांचीं वर्तुळें आहेत. तीं उकरून पाहावयाचीं होतीं. दिवस त्या कामांत गेला. जवळच बोरी येथें शाळा होती. ती तपासण्यासाठीं हिस्लॉप मागें राहिले व सायंकाळीं एकटेच घोड्यावरून मुक्कामाकडे निघाले. वाटेंतील ओढा पावसानें फुगला होता. मुक्कामावर घोडा आला, स्वार नव्हता. शोधास निघालेल्या लोकांस त्यांचें प्रेत पाण्यांत सांपडलें. तो दिवस ४ सप्टेंबरचा. सेहेचाळीस वर्षें पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. सकाळीं हजारों वर्षांपूर्वींच्या मृतांचीं थडगीं पाहणारा मनुष्य रात्रीं स्वतः त्यांच्यांत गेला, आणि तोही एका शाळेच्या तपासणीवरून परत येत असतां.

त्यांचा प्रश्न मात्र जिवंत राहिला. ब्लॅनफर्ड यांनीं नर्मदेच्या खोऱ्यांतील थरांवरून दख्खनचा कातळ इओसीनच्या पूर्वींचा, खटिकायुगाच्या अखेरीचा ठरविला. पुन्हां १९३४ सालीं लखनौचे प्रा. बिरबल सहानी यांनीं मध्यप्रांतांतील अश्मीभूत वनस्पति पाहून हिस्लॉप यांचा पक्ष उचलला. असा हा वाद ऐंशी वर्षें चालला. विशेष असें कीं हिस्लॉप यांच्या विरुद्धचा साक्षीदार टाकळीच्याच थरांत होता. तेथून त्यांच्या हयातींतच मिळालेला एक दांत लंडनच्या संग्रहालयांत पोंचला होता; १८९० सालीं लिडेकर यांनीं तो मांसाहारी डायनोसोराचा असल्याचें सांगितलें. पिजदुऱ्याचीं हाडेंही डायनोसोरांचींच ठरलीं. डायनोसोर तर इओसीन काळ उजाडण्यापूर्वींच नष्ट झाले. शंख एक सांगत होते, दांत दुसरें. ऐकणारांनीं शंखांचें अधिक ऐकलें.

वादाचा निकाल अखेर दगडांतील अणूंनीं दिला. कांहीं अणु आपोआप बदलत असतात व त्यांचा वेग ठरलेला असतो. पोटॅशियमचा एक प्रकार असा आहे कीं त्याचा अर्धा भाग नाहींसा होण्यास १२५ कोटी वर्षें लागतात, आणि त्यांतला कांहीं अंश आरगॉन वायु होतो. रस तप्त असेतों हा वायु निसटून जातो. थिजल्यावर तो स्फटिकांत अडकतो. किती जमला हें मोजलें कीं थिजल्यापासून किती काळ गेला तें निघतें. युरेनियमपासून होणाऱ्या शिशावरूनही हेंच करतात. इंग्लंडचे आर्थर होम्स यांनीं १९११ सालीं त्या रीतीनें खडकांचीं वयें काढून दाखविलीं. अशा मोजण्यांवरून आज दख्खनच्या कातळाचा बहुतेक भाग सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं, आणि दहा लाख वर्षांच्या आंत बाहेर अशा थोड्या अवधींत, वाहिला असें ठरलें आहे. खटिकायुगाचा शेवट व डायनोसोरांचा अंत त्याच सुमारास झाला. पांडवलेण्यांच्या कातळास हेंच वय लावावयाचें.

हिस्लॉप यांच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं त्याच १९६३ सालीं एक नवीन साक्ष पुढें आली. नाशिकच्या जवळजवळ थेट उत्तरेस, नर्मदेपलीकडे, गुजराथेंतील छोटा उदेपूर भागांत अंबाडोंगर म्हणून एक कड्यासारखा गोल डोंगर आहे. त्याचा दगड दिसण्यांत चुनखडीसारखा. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजचे प्रा. सुखेशवाला व त्यांचे सहकारी उदास यांनीं दाखवून दिलें कीं ही चुनखडी समुद्राच्या तळाशीं साचलेली नव्हे. हा कार्बोनेटाइट, म्हणजे जमिनीच्या पोटांतून तप्त रसरूपानें वर येऊन भोंवतालच्या खडकांत घुसलेला चुना आहे. टाकळीचा हिरवा स्फटिक व अंबाडोंगरचा दगड, दोन्ही कॅल्साइटच. पण एक गार पाण्यानें पोकळींत जमविलेला व दुसरा अग्नींतून आलेला. दिसण्यावरून भेद कळत नाहीं. निओबियम व इतर दुर्मिळ मूलद्रव्यांचें प्रमाण, तसेंच स्ट्राँशियमच्या अणूंचें गुणोत्तर यांवरून कळतो. चुना रस होऊन वाहतो हें ज्यांस खरें वाटणार नाहीं त्यांनीं आफ्रिकेंतील टांझानिया देशाचें स्मरण करावें. तेथील ओल्डॉइन्यो लेंगाइ हा ज्वालामुखी आजही कार्बोनेटचा रस ओकतो. तो बाहेर येतांना काळा असतो, व हवेंतील ओलाव्यानें कांहीं दिवसांत पांढरा पडतो.

अंबाडोंगरच्या दगडांतील अभ्रकाची आरगॉन-रीतीनें तपासणी होऊन १९९९ सालीं त्याचें वय ६ कोटी ५० लाख वर्षें असें प्रसिद्ध झालें. फरक पडला तर तीन लाख वर्षांचा. तो तेथील काळ्या कातळांत घुसलेला आहे, म्हणून त्याहून तरुण; आणि आंकडाही तेंच सांगतो. हिस्लॉप यांनीं टाकळीस जें चुकीनें पाहिलें, म्हणजे मागाहून आंत घुसलेला रस, तो अंबाडोंगरास खरोखरच आहे.

हा चुना आला कोठून? भूपृष्ठाखालीं प्रावरण नांवाचा जाड थर आहे. त्यांत कार्बन वायूचा थोडा अंश असतो. खालून उष्णता वाढली व खडकाचा अगदीं थोडा भाग वितळला, तर त्या थोडक्या रसांत कार्बोनेटचा भरणा होतो. पुष्कळ भाग वितळला तर नेहमींचा काळा रस होतो. त्या काळीं हिंदुस्थानचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत होता, आणि आज ज्यावर हिंदी महासागरांतील रेयुन्याँ बेट उभें आहे त्या खोल उष्ण स्थानावरून तो जात होता, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. लखदीव, मालदीव, मॉरिशस ही बेटांची रांग त्याच प्रवासाची खूण समजतात. नर्मदा-तापीच्या कांठीं भूमि आधींच ताणून फाटलेली होती, म्हणून रसास वर येण्याची वाट सांपडली. धुळें-नंदुरबारकडे शेतांतून भिंतींसारखे उभे काळे दगड दिसतात. त्या अशाच भरलेल्या भेगा आहेत.

भूपट्ट सरकतात या कल्पनेसही हिस्लॉप यांच्या पेटाऱ्यानें हातभार लावला आहे. कामठीचीं तीं जिभेसारखीं पानें पुढें दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका येथेंही मिळालीं. ऑस्ट्रियाचे सूस यांनीं १८८५ सालीं त्यावरून एका नष्ट महाखंडाची कल्पना मांडली, व जर्मनीचे वेगेनर यांनीं १९१२ पासून खंडें सरकल्याचा सिद्धांत. सूस यांनीं त्या महाखंडास नांव दिलें गोंडवन. ज्यांचीं गीतें हिस्लॉप टिपून घेत असत, त्या गोंडांच्या देशावरून.

टाकळी आज नागपूर शहरांत सामावली आहे व तो जुना थर घरांखालीं गेला आहे. परंतु ज्या पालकांस मुलांना घेऊन हें प्रत्यक्ष दाखवावयाचें असेल, त्यांनीं पांडवलेण्यांस, चांदवडास किंवा सप्तशृंगीस जावें, व कड्याकडे आडवें पाहावें. काळ्या थरांच्या मध्यें कोठें कोठें तांबड्या मातीची पट्टी दिसते. ती एका रसाची पाठ. ऊनपावसानें झिजून तांबडी झालेली, दुसरा रस येण्यापूर्वींची. लेण्यांच्या दगडास हातोडी लावूं नये. खाली पडलेले तुकडे पुरेसे असतात.